धडधाकट मुलाला डॉक्टर कशाला?

शालेय वार्षिकांतून व्यायामाची महती सांगणारे लेख वारंवार येतात आणि ते यावेत हे उचितच आहे. शरीर सुदृढ असेल तर अभ्यासात मन रमते, झोप शांत लागते आणि लहानसहान आजार दूर राहतात, हे आता कोणास पटवून द्यावे लागत नाही. तथापि ज्याने आजवर नियमाने व्यायाम केलेला नाही, पण उद्यापासून करण्याचा निश्चय केला आहे, अशा निरोगी मुलाने किंवा मुलीने आरंभ करण्यापूर्वी काय करावे, या प्रश्नाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. तो लहान दिसतो, परंतु त्याच्याशी कोवळ्या जिवांचे क्षेम निगडित आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही तो थोड्या धीराने वाचावा, अशी विनंती आहे.

या बाबतीत समाजात दोन मते आढळतात. पहिले मत असे की, धडधाकट मुलाला डॉक्टर कशाला? आमचे वाडवडील नागलीची भाकरी खाऊन दिवसभर डोंगर चढत-उतरत. त्यांनी कधी कोणाला नाडी दाखविली होती काय? दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. कोठे कोणी धावता धावता कोसळल्याची वार्ता कानावर आली की ही मंडळी म्हणतात, हृदयाचा आलेख, रक्ताच्या दहा तपासण्या आणि डॉक्टरांचा दाखला हाती आल्यावाचून मुलाने मैदानात पाऊल टाकू नये. पहिल्या मतात आत्मविश्वास आहे, पण सावधपणा नाही. दुसऱ्या मतात सावधपणा आहे, पण त्यापायी व्यायामच राहून जाण्याची भीती आहे. कारण आपल्या पाड्यापाड्यांतून किती पालकांना असा दाखला आणणे परवडेल?

आमचे मत थोडक्यात असे आहे. निरोगी माणसाने व्यायामासाठी कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही. मात्र त्याने स्वतःला काही प्रश्न प्रामाणिकपणे विचारले पाहिजेत, आरंभ हळूहळू केला पाहिजे, आणि आपल्या या प्रदेशात रक्ताची एक विशिष्ट तपासणी आयुष्यात एकदा करून घेतली पाहिजे. हे काम प्रत्येक कुटुंबावर न सोपविता शाळेने ते वर्षारंभीच पार पाडावे, असे आम्हांस वाटते. या मताची कारणे आता क्रमाने मांडतो.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. व्यायाम करण्यात जो धोका आहे, त्याहून व्यायाम न करण्यात कितीतरी अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग घामेजेल अशी हालचाल करावी, आणि प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. दुधनीच्या मुलांना हे सांगण्याची गरज काय, असे कोणी म्हणेल. पाड्यावरून शाळेपर्यंतची चढण-उतरण, पावसाळ्यातील भाताची आवणी, गुरे राखणे आणि सणासुदीला तारप्याच्या सुरावर रात्रभर चालणारा नाच, हा व्यायामच नव्हे काय? निश्चितच आहे. परंतु काळ पालटत आहे. रस्ते झाले, दुचाक्या आल्या, सिल्वासाच्या आसपासच्या कारखान्यांत दिवसभर एका जागी उभे राहून करावयाची कामे मिळू लागली आणि भ्रमणध्वनीने मुलांच्या संध्याकाळी बळकावल्या. शिवाय चालण्याचा सराव असलेले पाय वेगाने दीड-दोन किलोमीटर धावण्यास तयार असतातच असे नाही. ती तयारी निराळी करावी लागते.

नेमकी हीच तयारी करण्यास वेळ न देण्याची एक घातक प्रथा आपल्याकडे पडली आहे. वरच्या वर्गांतील अनेक मुलांच्या मनात पोलीस, सैन्य किंवा वनखात्यात जाण्याची आकांक्षा असते. ही आकांक्षा अभिनंदनीय आहे. सैन्याच्या भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत पुरुषांसाठी १६०० आणि स्त्रियांसाठी ८०० मीटरची धाव असते. परंतु पुष्कळ मुले जाहिरात निघेपर्यंत स्वस्थ बसतात आणि मग दोन-तीन आठवड्यांत, भर उन्हात, रिकाम्या पोटी, जिवाच्या आकांताने धावू लागतात. २०१४ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावण्यात काही तरुण उमेदवारांनी प्राण गमावले. २०२४ साली ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी झारखंडमध्ये उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावण्याची अट होती; तेथे दहाहून अधिक उमेदवार दगावले. हे सारे तरुण होते. घरातून निघताना त्यांना कोणी आजारी म्हटले नसते. प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण एकच होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु निरोगी दिसणे आणि कठोर श्रमास सिद्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा बोध तरी या दुर्घटनांतून आपण घेतलाच पाहिजे.

मग सर्वांची कसून वैद्यकीय तपासणी केली म्हणजे झाले, असे वाटणे साहजिक आहे. याविषयी जगाचा अनुभव काय सांगतो ते पाहू. इटली देशात १९८२ सालापासून स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंना हृदयाच्या आलेखासह वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. तेथील व्हेनेटो प्रांतातील डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केले की, खेळाडूंचे आकस्मिक हृदयमृत्यू या काळात जवळजवळ ९० टक्क्यांनी घटले. हे वाचून कोणीही म्हणेल, अशीच सक्ती सर्वत्र असावी. परंतु इस्राएलने १९९७ साली अशाच तपासणीचा कायदा केला, आणि २०११ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले की, त्या कायद्याने मृत्यूंच्या प्रमाणात काहीच फरक पडला नव्हता. हृदयाचा आलेख सर्व दोष पकडीत नाही, आणि कित्येकदा निर्दोष हृदयावरही संशय घेतो. अशा संशयाने गरिबाच्या मुलास शहरात खेटे घालावे लागतात, आणि बहुधा त्याचा खेळ कायमचा सुटतो.

कॅनडातील तज्ज्ञांनी १९७० च्या दशकात निराळाच मार्ग काढला. व्यायाम सुरू करणाऱ्याने स्वतःच भरावयाची एक सोपी प्रश्नावली त्यांनी तयार केली. सर्व उत्तरे नकारार्थी आली तर त्याने बेतशीर व्यायाम खुशाल सुरू करावा. एकही होकारार्थी आले तर मात्र आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या महाविद्यालयाने २०१५ साली आपले नियम बदलले, तेही याच दिशेने. त्यांनी तीन गोष्टी विचारात घ्यावयास सांगितल्या: सध्या तुम्ही नियमित व्यायाम करता काय, तुम्हांस हृदयाचा, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार अथवा त्याची लक्षणे आहेत काय, आणि तुम्ही किती कठोर व्यायाम करू इच्छिता? ज्यास विकार नाही व लक्षणे नाहीत, त्याने साध्या व मध्यम व्यायामासाठी डॉक्टरांच्या संमतीची वाट पाहू नये, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे महाग यंत्रांपेक्षा प्रामाणिक प्रश्नोत्तरे अधिक उपयोगी, असा विचार जाणत्यांनीही मान्य केला आहे. आमच्या दृष्टीने ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. कारण यंत्र सिल्वासाला आहे, पण प्रश्न विचारण्यास दुधनीतही कोणाची आडकाठी नाही.

असे काही प्रश्न आमच्या शब्दांत येथे देतो. प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावेत आणि घरी आई-वडिलांच्या साह्याने त्यांची उत्तरे शोधावीत.

१. धावताना किंवा खेळताना छातीत कधी दुखले किंवा दडपल्यासारखे झाले काय?

२. श्रम करीत असताना कधी घेरी आली, शुद्ध हरपली, किंवा हृदय अकारण वेडेवाकडे धडधडले काय?

३. बरोबरीच्या मुलांपेक्षा आपल्याला फार लवकर धाप लागते काय? रात्री खोकल्याची किंवा दम्याची उबळ येते काय?

४. लहानपणी घसा दुखून ताप आला आणि मागाहून मोठे सांधे एकामागून एक सुजले, असे झाले होते काय?

५. घराण्यात कोणी चाळिशी-पन्नाशीच्या आत, काही कारण न कळता, एकाएकी मरण पावले आहे काय?

६. आकडी, मधुमेह, हृदयविकार किंवा सिकलसेल यांपैकी काही असल्याचे कोणा डॉक्टरांनी सांगितले आहे काय? एखादे औषध नेहमी चालू आहे काय?

७. गेल्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेला काय?

हे प्रश्न वरवर साधे आहेत, परंतु प्रत्येकामागे एक निश्चित कारण आहे. तरुण वयात धावताना होणाऱ्या मृत्यूंमागे पुष्कळदा हृदयाच्या स्नायूंचा किंवा त्यांच्या लयीचा जन्मजात दोष असतो, आणि असे दोष घराण्यातून उतरतात; म्हणून पाचवा प्रश्न. घशाच्या दुर्लक्षित दुखण्यातून सांधेताप उद्भवतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवितो. हा रोग ५ ते १५ वर्षांच्या मुलांत अधिक आढळतो, आणि बिघडलेल्या झडपेचा आवाज डॉक्टरांच्या साध्या नळीनेही पुष्कळदा ओळखता येतो; म्हणून चौथा. आकडी येणाऱ्याने दमणगंगेच्या जलाशयात एकट्याने पोहणे म्हणजे प्राणाशी खेळ, म्हणून सहावा. तापात किंवा ताप उतरताच जोराने धावल्यास हृदयाच्या स्नायूला सूज असण्याचा संभव असतो, म्हणून सातवा. ज्याची सर्व उत्तरे नकारार्थी आहेत, त्याने निःशंक मनाने व्यायामास लागावे. ज्याचे एखादे उत्तर होकारार्थी आहे, त्याने घाबरून जाऊ नये; जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा सिल्वासा येथील शासकीय रुग्णालयात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बहुतेकांना थोड्या पथ्याने व्यायाम करण्याचीच मुभा मिळते.

आता त्या एका रक्ततपासणीविषयी. दादरा आणि नगर हवेलीच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, कोळी ढोर, नायका, दुबळा. पश्चिम आणि मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल असतात; या विकारात प्राणवायू कमी पडताच त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टराने १९१० साली अशा पेशींचे प्रथम वर्णन केले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा विकार प्रथम नोंदला गेला. ज्या प्रदेशांत हिवतापाचा उपद्रव पूर्वापार होता, तेथेच हा गुण टिकून राहिला. कारण ज्याच्यात तो अर्धाच असतो, त्याचे घातक हिवतापापासून काहीसे रक्षण होते. अर्थात हा कोणा जातीचा कलंक नव्हे. आफ्रिकेत, अरबस्थानात आणि भूमध्य समुद्राच्या काठीही तो आहे. पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. आई आणि वडील दोघांकडूनही हा गुण आला तर मूल सिकलसेलचे रुग्ण होते. त्याला वेदनांचे झटके येतात, रक्त कमी पडते आणि नियमित औषधोपचार लागतो. अशा मुलाचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरला पाहिजे. परंतु दोघांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर मूल केवळ वाहक असते. वाहक दिसण्यात, वागण्यात आणि शक्तीत चार मुलांसारखाच असतो. बहुधा त्याला जन्मभर आपण वाहक असल्याचे ठाऊकही नसते. म्हणूनच आमच्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो खराखुरा निरोगी माणूस आहे, आणि तरीही तीव्र श्रम, कडक ऊन आणि पाण्याची कमतरता या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे त्याला इतरांपेक्षा अधिक धोका असतो.

हा धोका किती, आणि तो टाळता येतो काय, याचे उत्तर अमेरिकेच्या सैन्यातील अनुभवाने दिले आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सैनिकी शिक्षण घेणाऱ्या नवशिक्यांत वाहकांचे आकस्मिक मृत्यू इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. मग सैन्याने सर्वांसाठीच नियम घातले: पाणी वेळोवेळी प्यावे, उन्हाचा अंदाज घेऊन श्रम बेतावेत, मध्ये विश्रांती द्यावी, आणि श्रमाची पायरी हळूहळू चढवावी. २०१६ साली सुमारे ४८ हजार सैनिकांचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा अधिक आढळले नाहीत. अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरण्याचा विकार मात्र त्यांच्यात सुमारे दीडपट होता. त्याच अभ्यासात तंबाखूचे सेवन करणाऱ्यांतही हा धोका जवळजवळ तितकाच वाढलेला दिसला. विद्यार्थी मित्रांनो, या तुलनेचा विचार करा. जन्माने मिळालेला गुण आपल्या हाती नाही, परंतु तितकाच घातक असा तंबाखूचा तोबरा आपण स्वतःच्या हाताने भरतो!

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाहक असलेल्या मुलाने धावावे, खेळावे, पोलीस-शिपाई होण्याची आकांक्षाही जरूर धरावी. त्याला मैदानाबाहेर बसविणे हा अन्याय होय. दुसरा असा की, आपण वाहक आहोत हे ठाऊक असणे त्याच्या हिताचे आहे. ठाऊक असेल तर तो पाणी पिण्यात आळस करणार नाही, ज्वर असताना धावणार नाही, आणि मांड्यांत किंवा पाठीत असह्य वेदना होऊन पाय लटके पडू लागले तर ईर्ष्येने धावत न राहता तत्काळ थांबेल. त्याच्या शिक्षकालाही ठाऊक असेल तर तो अशा वेळी ‘ढोंग करतोस’ असे न म्हणता त्याला सावलीत नेईल, अंग गार करील आणि विलंब न लावता रुग्णालयात पोहोचवील. एका अज्ञानामुळे जीव जाऊ शकतो आणि एका माहितीमुळे तो वाचू शकतो, असे प्रसंग जगात थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे.

तपासणीही अवघड नाही. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताने प्राथमिक चाचणी होते आणि संशय आल्यास प्रयोगशाळेत निश्चिती करता येते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून, आदिवासीबहुल प्रदेशांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे. त्याआधी २०१३ सालच्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या पालघर येथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार शासकीय व अनुदानित शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची वर्षातून एकदा आरोग्यतपासणी व्हावयाची असते. योजना आहेत, पथकेही आहेत. उणीव एवढीच की, आरोग्यतपासणी आणि मैदान यांची आपल्याकडे गाठच पडत नाही. तपासणीचा कागद कपाटात राहतो आणि धावण्याची शर्यत मैदानात होते!

मुलींच्या बाबतीत आणखी एक शब्द सांगितला पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात लोहकण कमी किंवा रक्ताचे प्रमाण उणे आढळले. याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते. अशी मुलगी थोड्याच अंतरावर धापा टाकू लागते, आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी, आणि घरी नागली, पालेभाजी व कडधान्ये यांचा आहार हाच तिच्या व्यायामाचा पहिला धडा होय. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र लोहाची गोळी डॉक्टरांस विचारूनच घ्यावी.

आता आरंभ कसा करावा? याचे उत्तर आपल्या परंपरेत आहेच. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर काढावयास लावीत नसे. पाच-दहांनी प्रारंभ करून अंग रुळले म्हणजे तो आकडा वाढवी. वाग्भटाने आपल्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात सशक्त माणसानेही आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, आणि उन्हाळा-पावसाळ्यात त्याहूनही कमी करावा, असे सांगितले आहे. आजचे शास्त्र निराळ्या भाषेत तेच सांगते. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढ्या श्रमास मध्यम व्यायाम म्हणतात. नवशिक्याने पहिले काही आठवडे एवढ्यावरच राहावे. प्रथम भरभर चालावे, मग चालताना मध्ये मध्ये थोडे धावावे, मग धावण्याचे अंतर वाढवावे आणि सर्वांत शेवटी वेग वाढवावा. भरतीची तयारी करणाऱ्याने निदान तीन-चार महिने आधी प्रारंभ करावा. चैत्र-वैशाखात सकाळी ऊन चढण्यापूर्वीच व्यायाम उरकावा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पाणी आधी, मध्ये आणि नंतर प्यावे. एकट्याने धावू नये, सोबती असावा.

आमच्या सूचना आता थोडक्यात मांडतो. शाळा जूनमध्ये उघडल्यावर पहिल्या महिन्यात वरील प्रश्नांचा कागद प्रत्येक मुलाच्या घरी जावा. ज्या घरी वाचता येणारे कोणी नसेल, तेथे शिक्षकांनी तोंडी विचारून तो भरावा. ज्यांची सिकलसेल तपासणी झालेली नाही, त्यांची ती आरोग्यपथकाकडून पालकांच्या संमतीने करून घ्यावी. निष्कर्ष वर्गात वाचून दाखवू नये. तो पालकांना खासगी रीतीने कळवावा, आणि त्यांच्या अनुमतीने व्यायाम-शिक्षकास केवळ पथ्य सांगावे. कोणासही ‘तू बैस’ एवढेच सांगून मैदानाच्या कडेला ठेवू नये. त्याला झेपेल असा व्यायाम नेमून द्यावा. सर्व शर्यतींत पाणी, सावली आणि विश्रांती यांची सोय वाहकांसाठी निराळी न ठेवता सर्वांसाठीच असावी, म्हणजे कोणाकडे बोट दाखविण्याचा प्रसंगच येणार नाही. आणि निदान दोन शिक्षक व वरच्या वर्गातील काही विद्यार्थी यांना प्रथमोपचाराचे शिक्षण मिळावे. कोणी कोसळून निःशुद्ध पडला आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, हे ज्ञान दुधनीसारख्या दूरच्या गावी तर अत्यावश्यक आहे. मोठे रुग्णालय जवळ नसते तेथे पहिली दहा मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात.

यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणेल, इतक्या प्रश्नांनी मुले भितील आणि व्यायाम सोडतील. आमचा अनुभव याउलट आहे. ज्याला आपल्या शरीराची माहिती असते तो निर्धास्तपणे खेळतो, आणि ज्याला नसते तोच अफवांना भितो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलगी वाहक असल्याचे गावात कळले तर तिचे लग्न जमणार नाही, अशी भीती पालकांना वाटते. ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही, आणि म्हणूनच गुप्ततेचा आग्रह धरतो. परंतु विचार करा: वाहकाचा विवाह वाहक नसलेल्याशी झाला तर त्यांच्या पोटी सिकलसेलचे रुग्ण मूल जन्मत नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक अपत्यागणिक चारात एक असा तो धोका असतो. तेव्हा माहिती दडविण्याने संकट टळत नाही, ते केवळ पुढच्या पिढीच्या माथी जाते. तिसरा आक्षेप वेळेचा आणि खर्चाचा. एक छापील कागद, एक थेंब रक्त आणि एक तासाची बैठक, यांहून अधिक खर्च आपण स्नेहसंमेलनाच्या पडद्यांवर करतो!

शेवटी पालकांना आणि गुरुजनांना नम्रपणे एवढेच सांगावयाचे आहे. धडधाकट मुलाला डॉक्टर कशाला, असे आपण विचारतो, तेव्हा डॉक्टर म्हणजे आजाराची बातमी आणणारा, अशी आपली समजूत असते. ती आता बदलली पाहिजे. निरोगी मुलाला त्याच्या शरीराची नीट ओळख करून देणे हेही वैद्यकाचेच कार्य आहे, आणि त्या ओळखीचा मैदानावर उपयोग करून घेणे हे शाळेचे. विद्यार्थ्यांनी मात्र या लेखाचे निमित्त करून व्यायाम पुढे ढकलू नये. आज संध्याकाळी घरी बसून सात प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ती सर्व नकारार्थी आली तर उद्या सकाळी सोबत्याला हाक मारून भरभर चालावयास निघावे, आणि पाण्याची बाटली विसरू नये.